देव नाहीच असं धरलं, तर खंडेनवमीला हार कुणाला घालतो आपण?

पाचपाखाडीकर (धागाकर्ता)

मी देव मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे 'तुम्ही आडून धर्मप्रचार करताय' यात सुरुवातीचे प्रतिसाद खर्ची पडायला नकोत. माझी तक्रार आहे ती माझ्याच बाजूच्या लोकांबद्दल. आपण नास्तिक मंडळी एक वाक्य फार सहज टाकतो: देव नाही, तेव्हा पूजा म्हणजे हवेला नमस्कार. झालं, विषय मिटला! पण माणसं पहाटे उठून फुलं काढतात, उपास धरतात, ऊनपावसात पायी पंढरपूर गाठतात. एवढा खटाटोप कुणी 'काही नाही'साठी करत नाही. समोर देव नसेल तर दुसरं काहीतरी असणार. ते काय, एवढाच माझा प्रश्न.

मला उत्तर सुचलं ते खंडेनवमीवरून. त्या दिवशी ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कुठल्याही गाळ्यात डोकावून बघा. लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, पुसून लख्ख केलेलं, त्याच्या चकवर झेंडूची माळ, बाजूला हळदकुंकू, पेढ्यांचा बॉक्स. लेथला कान नाहीत हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ते कधी आणलं, बेअरिंग कधी बदललं, सगळं तोंडपाठ असतं. लोकलचा डबा सजवणारे ग्रुपही तसेच. डबा म्हणजे देव, असं त्यांच्यातलं कुणीही म्हणणार नाही. तरी हात जोडले जातात, आणि त्यात नाटक नसतं. म्हणजे 'समोरचा ऐकतोय' हा विश्वास नसतानाही पूजा होते. मग देवळातल्या पूजेला तो विश्वास लागतोच, हे आपण कशावरून ठरवलं?

माझं म्हणणं असं: ज्याच्यावाचून आपलं चालत नाही आणि ज्याच्यावर आपला हुकूम चालत नाही, त्याच्यापुढे माणूस वाकतो. पाऊस, दर्या, बाळंतपण, साथीचा ताप, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली जाऊ शकणारं बोट. यातलं काहीच काल्पनिक नाही. देव हा त्या सगळ्याला दिलेला चेहरा. चेहरा खोटा म्हणा हवं तर, त्याच्यामागचं अवलंबून असणं खोटं नाही.

तर्कट

छान लिहिलंय, पण ही पळवाट आहे. फॉयरबाख नावाच्या जर्मन विचारवंताने १८४१ मध्येच याहून रोखठोक मांडलंय: माणूस दया, न्याय, ज्ञान हे स्वतःचेच गुण आभाळात नेऊन ठेवतो आणि मग त्यांच्यापुढे स्वतःला क्षुद्र म्हणवून घेतो. तुम्ही त्या क्षुद्रपणाला 'अवलंबन' असं गोंडस नाव दिलंत. आगरकर असली गोडगोड तडजोड करत बसले नाहीत, म्हणून तर जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा निघाली.

आणि तुमचं सूत्र तपासूनच बघू. नवी मुंबईत गटारात उतरणारे कंत्राटी कामगार आठवडाभर आले नाहीत तर पामबीचवरच्या टॉवरवाल्यांची काय अवस्था होईल? आपलं त्यांच्यावाचून अजिबात चालत नाही. त्यांना कुणी हार घालतं का?

पाचपाखाडीकर

सूत्राचा दुसरा अर्धा भाग विसरलात. हुकूम चालत नाही, असं म्हटलंय मी. त्या कामगारावर ठेकेदाराचा हुकूम चालतो. दर्यावर कुणाचा चालतो?

तर्कट

मग सरळ म्हणा ना की लोक सत्तेची पूजा करतात! ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्या पाया पडायचं. तीन हात नाक्यावर वर मान केलीत की कळेल. 'भावी' अमुक, 'कार्यसम्राट' तमुक. देवळातला देव निदान बॅनरवर वाढदिवस तरी लावत नाही.

कोपरखैरणे

तर्कट, बॅनरचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी हेच बजावलं होतं: धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. देव असो की नसो, गुडघे टेकायची सवय मागे उरते आणि ती नवा धनी शोधते.

आम्ही बौद्ध लोक बुद्धापुढे मेणबत्ती लावतो, वंदना घेतो. बुद्ध माणूस होता, काही देणार नाही, हे माहीत असतं. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेशाला न मानण्याची प्रतिज्ञा अगदी पहिली आहे. तरी खरं सांगतो, आमच्याही काही घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे नवस बोलला जातो. मला ते खटकतं. आईला सांगितलं तर म्हणते, तू पुस्तकं वाच, मी बघते.

स्वामीसेवक

गंमत वाटते. सगळे 'देव नाही असं धरून' बोलताय. उद्या मी विचारतो, तुमची आई नाहीच असं धरलं, तर रोज जेवता ते कुणाच्या हातचं? काय उत्तर द्याल? प्रश्नच वेडा आहे म्हणाल.

शिवाय तुमची अशी समजूत दिसते की आम्हाला मूर्ती आणि देव यांतला फरक कळत नाही. अहो, दीड दिवसाच्या गणपतीला आधी प्राणप्रतिष्ठा होते आणि निघताना उत्तरपूजा होते. उत्तरपूजेनंतर ती मूर्ती जागेवरून हलवतात, मग ती मातीच. म्हणून तर विसर्जन करता येतं. दरवर्षी स्वतः बोलावून स्वतः निरोप देणाऱ्या माणसाला 'दगडाला देव समजतो' म्हणणं म्हणजे आमचे विधी तुम्ही कधी धड पाहिलेच नाहीत. लेथमध्येही आम्ही कुणालातरी बोलावतो. लेथ हे फक्त आसन.

पाचपाखाडीकर

स्वामीसेवक, मूर्तीबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बोलावल्यावर कुणी येतं का, वाद तेवढाच आहे.

निवृत्त पंतोजी

या सगळ्या भानगडीत आपल्याकडचा सर्वांत तिखट पक्ष कुणी आठवतच नाही. पूर्वमीमांसा, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणारं दर्शन. वेद अक्षरशः प्रमाण, यज्ञाचा एकेक तपशील काटेकोर, आणि जग निर्माण करणारा ईश्वर मात्र अमान्य. जैमिनिसूत्रांच्या नवव्या अध्यायावर भाष्य करताना शबरस्वामींनी प्रश्न घेतलेत: देवतेला शरीर असतं का? दिलेलं अन्न ती खाते का? तिच्या मालकीचं काही असतं का? प्रसन्न होऊन ती फळ देते का? सगळ्यांचं उत्तर नकारार्थी. 'देवाचं गाव', 'देवाचं शेत' ही बोलायची रीत. देवता काही ते गाव आपल्या मर्जीने वापरत नाही. मुख्य आहे ते कर्म, देवता त्याचं एक अंग.

म्हणजे धागाकर्त्यांचा प्रश्न त्यांना विचारला असता तर ते म्हणाले असते, बाबा रे, देवता पूजेसाठी आहे, पूजा देवतेसाठी नाही. आणि असं म्हणणारी मंडळी नास्तिक नव्हती, कर्मठातली कर्मठ होती.

कोर्टनाका

पंतोजी, नमस्कार. मालकीच्या मुद्द्यावर मात्र शबरस्वामी कोर्टात हरले!

१९२५ ची मलिक घराण्याची केस. कलकत्त्याचं कुटुंब, घरची मूर्ती, पाळीपाळीने पूजा. एकाला त्याच्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती. वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. तिथे ठरलं की मूर्ती ही वाटणी करायची वस्तू नाही, ती कायद्याने व्यक्ती आहे. तिने कुठे राहायचं याबद्दल तिचीही इच्छा विचारात घ्यावी लागेल आणि तिची बाजू मांडायला घरच्या भांडणात नसलेला माणूस नेमावा. पुढे १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही ठरवलं की देवाला प्राप्तिकर लावता येतो. हसू नका, निकाल वाचा.

आता मूळ प्रश्नाला धरून. ही 'व्यक्ती' कोण? कायदा म्हणतो, दगड नव्हे. मूर्ती भंगली, चोरीला गेली, तरी देवस्थान संपत नाही, जमीन वारसांना परत जात नाही. व्यक्तित्व दिलंय ते ज्याने दान दिलं त्याच्या धर्मसंकल्पाला. देव आहे की नाही हा मुद्दा कोर्टाला काढावाच लागला नाही. आमच्या धंद्यात यालाच शहाणपण म्हणतात.

तर्कट

म्हणजे आपण मेलेल्या जमीनदारांच्या इच्छेला हार घालतोय. वा!

कोर्टनाका

कायद्याच्या चौकटीत, हो. तिच्यासाठी भांडणारे पक्षकार रोज भेटतात.

नवकार

मी टेंभीनाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात जातो. आमच्याकडे जगाचा कर्ता असा कुणी नाहीच. तीर्थंकर मुक्त झाले, ते ऐकत नाहीत, रागावत नाहीत, देत नाहीत. मग पूजा कशाला? माझे भाव शुद्ध व्हावेत म्हणून. त्यांच्यासारखं व्हायचं आहे, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आणि सुटलेला आहे.

तर्कट

मग पहिल्या पूजेची बोली लागते, ती कसली शुद्धी?

नवकार

पैसा सुटावा यासाठी. नाव पुकारलं जातं तेव्हा मान ताठ होते, हेही खरं. महाराजसाहेब व्याख्यानात यावरूनच रागावतात.

चेंदणी बंदर

दर्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात मासेमारीवर पोट असलेली घरं आता थोडी उरलीत. खाडीचं पाणी काय झालंय ते पुलावरून जाताना नाकाला कळतं. माझ्या घरात होडी नाही, मी बँकेत आहे. दर्या कोपला तरी माझा पगार होणार. तरी नारळी पुनवेला वाजतगाजत नारळ खाडीत जातो आणि मी सुट्टी टाकून जातो. पाचपाखाडीकर, आता सांगा, मी कशावर अवलंबून आहे?

पाचपाखाडीकर

दादा, हा प्रश्न जड आहे. माझ्या मते तुम्ही कोळीवाड्यावर अवलंबून आहात. डुर्काइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हेच म्हटलं होतं, की देवाच्या नावाने समाज स्वतःलाच पूजतो. आपल्याच गावाकडे बघा. १७३७ मध्ये ठाणं पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलं आणि १७६० च्या सुमारास बिवलकर सरसुभेदारांनी मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचं देऊळ नव्याने उभं केलं. 'आम्ही परत आलो' हे सांगण्याची ती रीत होती. आज पाडव्याची स्वागतयात्रा तिथूनच निघते. तिच्यात नऊवारी, बुलेट, ढोल सगळं असतं. देव पालखीत असतो, पण माना ओळखीची माणसं शोधत असतात.

चेंदणी बंदर

समाज स्वतःला पूजतो म्हणता, मग नारळ खाडीत का? समाजमंदिरात फोडला असता. आमचा नारळ पाण्यातच जातो. ज्या पाण्याने आजोबाला पोसलं आणि ज्याला आम्ही वाचवू शकलो नाही, त्याच्यासमोर वर्षातून एकदा उभं राहायचं असतं. याला तुमचा फ्रेंच काय म्हणतो ते माहीत नाही.

ऐरोलीकरीण

इतके प्रतिसाद झाले आणि घरातली पूजा रोज कोण करतं हे एकानेही विचारलं नाही. सार्वजनिक पूजेवर पुरुष बोलतात, रोजचं निर्माल्य काढतात बायका. माझ्या सासूबाई देवघरापुढे अर्धा तास बसतात. तेवढ्या वेळात घरातलं कुणी त्यांना हाक मारत नाही. सासरेसुद्धा स्वतःचा चहा स्वतः गाळतात. पुस्तक वाचत बसल्या असत्या तर दहा वेळा उठवलं असतं. त्या भाविक आहेत, शंका नाही. पण देव नाही असं उद्या कुणी सिद्ध केलं, तरी तो अर्धा तास त्या सोडणार नाहीत. आणि मी सोडू देणार नाही.

स्वामीसेवक

ताई, बाकी पटलं, पण त्या अर्ध्या तासात त्या कुणाशी बोलतात ते त्यांनाच विचारा की.

ऐरोलीकरीण

विचारलं होतं. 'तुला काय करायचंय' म्हणाल्या.

वागळे सेकंड शिफ्ट

धागा माझ्या कामावरून सुरू झालाय म्हणून. खंडेनवमीला मशीन बंद असतं. बाकी वर्षभर सर्व्हिसिंगसाठी बंद ठेवू म्हटलं तरी प्रॉडक्शनचा तक्ता तोंडापुढे धरतात. त्या दिवशी मालक चपला काढून आत येतो, नारळ सगळ्यात जुन्या ऑपरेटरच्या हातून फुटतो, आम्ही एकाच सतरंजीवर बसतो. देव आहे-नाही तुम्ही ठरवा. तो दिवस काढून घ्यायला मात्र कुणी येऊ नका.

तर्कट

पण बोटं वाचतात ती प्रेसला गार्ड बसवून, नारळाने नाही.

वागळे सेकंड शिफ्ट

गार्ड पण पाहिजे, नारळ पण. गार्ड मागून मागून थकलो, नारळ तरी वेळेवर येतो.

कोपरखैरणे

मी तर्कटच्या पहिल्या प्रश्नावर परत येतो, कारण तो कुणी नीट घेतला नाही. दसऱ्याला घंटागाडीलाही हार असतो. पुढच्या काचेवर आंब्याची डहाळी, बोनेटवर हळदकुंकू. तो हार ती गाडी चालवणारेच आपल्या खर्चाने घालतात. गाडीला हार, कचरा उचलणाऱ्याला नाही.

पाचपाखाडीकर

गाडी त्यांना नाही म्हणू शकते, बंद पडू शकते. कामगाराला आपण नाही म्हणू देत नाही. माझं सूत्र इथेही टिकतं.

कोपरखैरणे

टिकतं? ते संपावर जातात तेव्हा नाहीच म्हणत असतात. शहर दोन दिवसांत घाण होतं. अवलंबून असणं दिसतं, हुकूम चालत नाही हेही दिसतं, तुमच्या दोन्ही अटी पुऱ्या होतात. तेव्हा सोसायटीतून नारळ घेऊन कोण जातं? शिव्या घालतात आणि आयुक्तांना पत्र लिहितात.