प्रति: हेपटायटिस सी असलेल्या दात्याची किडनी

साठी उलटलेल्या माणसाला हेपटायटिस सी (यकृताचा विषाणूजन्य आजार) झालेल्या दात्याची किडनी देणं म्हणजे जिवाशी खेळ, असं वर म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पन्नाशीपुढच्या 10 जणांना अशा किडन्या बसवल्या. या विषाणूवरच्या गोळ्यांचा पहिला डोस शस्त्रक्रियेआधीच दिला, नंतर 12 आठवडे चालू ठेवल्या. 2018 साली निष्कर्ष छापून आले: एकालाही आजार जडला नाही. तिकडे ड्रग्जच्या ओव्हरडोसने गेलेले असे बरेच दाते तरुण असतात, किडनी धडधाकट असते.

आणि नाही घेतली तर? आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस, सुया टोचून टोचून टेंगूळ आलेला फिस्टुलाचा (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला) हात. या वयात किडनीच्या प्रतीक्षा यादीत वर्षानुवर्षं थांबायला शरीर साथ देत नाही हो. गोळ्यांचा खर्च कोण उचलणार ते आधी ठरवा, धोके नीट समजावा, पण निर्णय रुग्णाला घेऊ द्या.