अनुभव धागा: ड्वार्फ फोर्ट्रेसमधलं खुलं ग्रंथालय आणि कुलपातलं ग्रंथालय

ड्वार्फ फोर्ट्रेस या ड्वार्फ म्हणजे बुटक्यांचा किल्ला वसवण्याच्या संगणक खेळात डिसेंबर २०१५ च्या अपडेटने टॅव्हर्न (मद्यालयं), मंदिरं आणि ग्रंथालयं आणली. टॅव्हर्नवर भरपूर चर्चा झाली आहे. ग्रंथालयाच्या वाट्याला मात्र चार कपाटं, दोन खुर्च्या आणि दुर्लक्ष येतं. मला या खेळातली ही सर्वांत आवडती जागा, म्हणून हा धागा. कोणती पुस्तकं सगळ्यांसाठी ठेवता, कोणती दडवता, आणि त्यासाठी जागा कशी आखता, हे सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. माझ्या किल्ल्यात ग्रंथालयं दोन. खुलं असतं ते प्रवेशद्वाराला लागून, वस्तीच्या अलीकडे. मीटिंग एरिया, म्हणजे लोक जमण्याची जागा, आखायचा, ती जागा ग्रंथालय असल्याचं खेळात नोंदवायचं (याला लोकेशन म्हणतात), आत बुककेस, टेबलं, खुर्च्या आणि कोऱ्या कागदांसाठी एक पेटी. प्रवेश सर्व पाहुण्यांना. दुसरं पार खाली, तिथे फक्त नागरिक. पाहुण्यांना वाचायला वस्तीतून जावं लागत नाही, हा या मांडणीचा सगळ्यात मोठा फायदा.

कातळकोरा

माझा अनुभव कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या पुस्तकांचा. व्यापारी आले की स्क्रोल (गुंडाळ्या) आणि कोडेक्स (बांधीव पुस्तकं) मी घाऊक घेतो, पण सौदा झाल्या झाल्या व्यापाराच्या डेपोतच सगळी फोर्बिड करतो, म्हणजे त्यांना कोणी हात लावू नये असं ठरवतो. मग एकेक उघडून वर्णन वाचायचं. हे आधी केलं नाही तर हमाल ती उचलून कपाटात लावतात आणि कोणी काय वाचलं याचा पत्ता लागत नाही.

अशाच एका ढिगात एक साधासा कोडेक्स निघाला. शीर्षकावरून वाटावं, कुठल्यातरी राजाचं चरित्र असेल. वर्णनाच्या शेवटी मात्र जीवन-मृत्यूच्या रहस्यांचा उल्लेख. हे पुस्तक जो ड्वार्फ वाचेल तो नेक्रोमॅन्सर, म्हणजे मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक होतो. त्याची भूक, तहान, झोप सुटते, वय थांबतं, आणि शत्रू समोर आला की तो आसपासची प्रेतं उठवायला लागतो.

त्यासाठी मी एक छोटी खोली कोरली. आत एकच पेडेस्टल (वस्तू मांडायचा चौथरा), दारात लिव्हरला म्हणजे ओढायच्या दांड्याला जोडलेला ड्रॉब्रिज (उचलता येणारा पूल). पेडेस्टलला ते पुस्तक नेमून दिलं आणि हमालावर नजर ठेवून बसलो. तो आत गेला, पुस्तक ठेवलं, बाहेर पडला, की लगेच पूल वर. वर उचललेला पूल म्हणजे भिंतच. नुसत्या कुलपावर मी असलं पुस्तक सोडत नाही, कारण दारं फोडणारे प्राणी या खेळात कमी नाहीत.

शाईदौत

@कातळकोरा, इतका खटाटोप कशासाठी? असं पुस्तक मिळालं की मी ते पुढच्या कॅरॅव्हॅनला देऊन टाकते.

भुयारी

शाईदौत, कारण ते पुस्तक नीट वापरलं तर त्यासारखी दुसरी ठेव नाही. माझ्या किल्ल्यात वैद्यकावर विचार करणारी एक म्हातारी स्कॉलर होती. तिच्यासाठी बंद ग्रंथालयाचा वेगळा बरो, म्हणजे नेमलेल्यांनी ज्यातच राहायचं असा आखलेला भाग, केला, त्यात तिला एकटीला नेमलं आणि पुस्तक आत ठेवलं. तिने ते वाचलं. त्यानंतर किल्ल्यात पिढी बदलली, महापौर बदलले, ती मात्र त्याच टेबलाशी बसून विचार करते आणि लिहिते. तिला जेवण पोहोचवावं लागत नाही, त्यामुळे दार उघडायची वेळच क्वचित येते. खेळातल्या माझ्या सगळ्या पात्रांत मला तीच सर्वांत जवळची.

जागा मात्र विचारपूर्वक निवडा. शवपेट्या, कचऱ्याचा ढीग, खाटकाचं वर्कशॉप यातलं काहीही तिच्या नजरेच्या टप्प्यात नको. उठलेलं प्रेत आपला-परका बघत नाही.

कोरा कागद

मी खुल्या ग्रंथालयाच्या बाजूने बोलतो. बंद कोठीत नवं काही येत नाही. माझं ग्रंथालय सर्वांना खुलं केल्यावर माणसांच्या शहरांतून स्कॉलर यायला लागले. त्यातला एक भरती-ओहोटीचा चंद्र-सूर्याशी काय संबंध, यावर आमच्या ड्वार्फशी चर्चा करत बसायचा. पुढे त्याने अभ्यासासाठी राहू देण्याचा अर्ज केला, मी लगेच मंजूर केला. आपल्या लोकांना न सुचलेले विषय अशा पाहुण्यांबरोबर येतात. शिवाय ज्या ड्वार्फना काही शिकण्याची किंवा अमूर्त विचाराची ओढ असते, ते वाचायला मिळालं की समाधानी राहतात.

मौल्यवान आर्टिफॅक्ट (एकमेव, दुर्मिळ) पुस्तक मात्र या खोलीत ठेवत नाही. पाहुण्यांच्या वेशात चोरही येतात. इथे फक्त प्रती.

लगदा

प्रतींसाठी कागद लागतो आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं, म्हणून थोडक्यात सांगते. पिग टेलसारखं (खेळातलं धाग्याचं पीक) पीक जात्यावर दळून लगदा करायचा, तो स्क्रू प्रेसमध्ये, म्हणजे दाबयंत्रात, दाबला की कागद. चर्मपत्र करायचं तर काम वाढतं: चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना, तो पाण्यात कालवायचा, आणि मग कातडं. मी कागदच करते. कागदाचे क्वायर (कोऱ्या पानांचे जुडगे) करून पेटीत पडले की स्क्राइब, म्हणजे नकलनवीस, कामाला लागतात. स्क्राइब नेमायला विसरू नका, नुसत्या स्कॉलरने प्रती होत नाहीत.

कातळकोरा

कोरा कागद यांचं पटतं, खुल्या ग्रंथालयाशिवाय बंद ग्रंथालयाला अर्थ नाही. लगदा यांच्या सल्ल्याला एक जोड देतो. बंद ग्रंथालयात स्क्राइब अजिबात नेमू नका आणि तिथली अपेक्षित प्रतींची संख्या शून्यावर आणा. रहस्य मजकुरात असतं, एका वस्तूत नाही. एक प्रत झाली आणि ती वरच्या मजल्यावर गेली, तर माझा पूल कितीही भक्कम असला तरी उपयोग नाही.

शाईदौत

भुयारी यांची स्कॉलर वाचून विचार बदलला. सध्याच्या किल्ल्यात खाली रिकामा थर आहे, पाणी नाही, शवपेट्या दूर आहेत. आज खोली कोरायला घेते. लिव्हर आतल्या बाजूला ठेवावा की बाहेर?

भुयारी

बाहेर. आणि जिथे नेहमी कोणी ना कोणी असतं अशा जागी, म्हणजे ओढायचा हुकूम दिल्यावर वाट बघावी लागणार नाही.