कॅड १०, कॅड १२ की कॅड १३? सेकंडहँड अॅल्युमिनियम रोडबाईक घ्यायचीय, सल्ला हवा

कोथरूडचा सायकलवाला:
नमस्कार मंडळी, गेली तीन वर्षं हायब्रिड चालवतोय, दर रविवारी सिंहगड पायथा नाहीतर बोपदेव, आणि यंदा पहिली २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर पुरे करायची राइड) करायचीच असं ठरवलंय म्हणून रोडबाईक शोधतोय. कार्बन नको, एकतर तेवढं बजेट नाही आणि सायकल रोज तीन मजले जिन्यातून वरखाली न्यायची, कुठे आपटली की जीव जाणार. कॅननडेलच्या कॅड या अॅल्युमिनियम मालिकेतल्या तीन वापरलेल्या सायकली बघून ठेवल्यात. २०१२ ची कॅड १०, पंचेचाळीस हजार. २०१७ ची कॅड १२ रिमब्रेकवाली (ब्रेक चाकाच्या कडेला घासतो ती), सत्तर. आणि कॅड १३ डिस्क (चाकाच्या मधल्या चकतीवर ब्रेक), तो मालक एक लाख वीसच्या खाली येत नाही. उंची ५ फूट ९, वजन ७८. ओळखीचा एकजण म्हणतो फ्रेम सगळ्या सारख्याच, नुसते नंबर वाढवतात. खरंय का? आणि अॅल्युमिनियमवर २०० किलोमीटर म्हणजे पाठीचं काही खरं नाही असंही दोघातिघांनी सांगितलंय.

घाटवेडा:
नुसते नंबर वाढवतात हे बरोबर नाही, पण जो बदल झालाय तो लोक वजनात शोधतात आणि तिथे तो सापडत नाही. ५६ साइजच्या नुसत्या फ्रेमचं वजन कंपनीनेच दिलेलं बघा, कॅड १० साधारण ११५० ग्रॅम, कॅड १२ १०९८ ग्रॅम. पन्नास ग्रॅमचा फरक, बाटलीतले दोन घोट पाणी. १३ तर वजनाच्या मागे लागलेलीच नाही. अॅल्युमिनियमचा मिश्रधातूही तिन्हीत ६०६९ च आहे, ६०६१ होता तो कॅड ९ पर्यंत. (११ शोधू नका, कंपनीने तो नंबर काढलाच नाही, १० वरून थेट १२.)

खरा बदल टायरच्या जागेत आणि मागच्या भागात आहे. १० मध्ये २५ मिमीचा टायर धरून चाला. १२ मध्ये २५ आरामात बसतो, २८ बसेल का ते टायर आणि रिमच्या रुंदीवर आहे, चाक लावून बघितल्याशिवाय बोलू नये. १३ मध्ये ३० चा टायर जातो. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) १० चा २७.२ मिमी, १२ चा बारीक करून २५.४ केला म्हणजे तो खड्ड्यावर थोडा लवतो, आणि १३ ला डी आकाराचा पोस्ट आणि मागचे सीटस्टे (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) खाली उतरवलेत. त्यामुळे १३ चा पोस्ट हरवला किंवा बिघडला तर दुसरा कुठलाही गोल पोस्ट चालणार नाही हेही लक्षात ठेवा.

आता पाठीचं. अॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं आणि ताठपणालाही एक तृतीयांशच, म्हणून नळ्या जाड (व्यासाने मोठ्या) घ्याव्या लागतात, आणि नळी जाड झाली की ताठपणा भराभर वाढतो. सुरुवातीच्या जाड नळ्यांच्या फ्रेम खरंच कडक होत्या, बदनामी तिथूनची आहे आणि ती अजून चालूच आहे. त्यात तेव्हा लोक २३ चा टायर ११०-१२० पीएसआय हवा भरून चालवायचे. मी स्वतः माझ्या कॅड १२ वर २५ चे काढून २८ घातले (माझ्या रिमवर बसले) आणि हवा ७५ वर आणली, त्याच फ्रेमवर सासवड रस्ता वेगळाच वाटायला लागला.

माझं मत, साइज बसत असेल तर १२.

पेनसिल्व्हेनियाची मधुरा:
वरचं सगळं पटलं. माझ्याकडे अजून कॅड ९ आहे, इथल्याच बेडफर्डच्या कारखान्यात वेल्ड झालेली, १० पासून काम तैवानला गेलं. तिचे जोड घासून इतके सारखे केलेत की डाउनट्यूब (खालची तिरपी नळी) हेडट्यूबला (हँडलखालची नळी) मिळते तिथून बोट फिरवलं तर वेल्ड कुठे सुरू होतो ते कळत नाही. या फ्रेमना कमी लेखू नका हो, १९९७ चा जिरो (इटलीची मोठी शर्यत) इव्हान गोत्तीने कॅननडेलच्या अॅल्युमिनियमवरच जिंकला आणि १९९९ च्या तूर द फ्रान्समध्ये चिपोलिनीने सलग चार स्टेज काढल्या त्याही अॅल्युमिनियमवरच. पण तुम्हाला मी १३ घ्या म्हणेन. पुण्याचा पाऊस, त्यात खंबाटकीचा उतार, तिथे डिस्कला पर्याय नाही, आणि १३ ला मडगार्ड लावायची सोय फ्रेममध्येच आहे, जी १० आणि १२ ला नाही. बीआरएममध्ये साडेतेरा तास असतात, त्यातले पाचसहा तास ओल्या पाठीने बसून बघा मग पैशाचा हिशोब वेगळा लागतो.

भोसरी वर्कशॉप:
पिढी कुठलीही घ्या, आधी फ्रेम तपासा. पोलादाला एक मर्यादा असते, ताण तिच्या खाली राहिला तर ते थकत नाही. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, प्रत्येक झटका कुठेतरी जमा होतो. याचा अर्थ १० वर्षांची फ्रेम मोडणारच असा नाही, पण ती कोणी कशी वापरली त्याला महत्त्व आहे. माझी जुनी एक सायकल (कंपनी वेगळी) बोपदेवच्या दुसऱ्या वळणावर उभं राहून पेडल मारलं की कट्‌ करून आवाज करायची. दोन महिने मी बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा अक्ष फिरतो तो भाग) उघडून ग्रीस लावत बसलो. शेवटी चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) रॉकेलने पुसला तर बीबीपासून दोन बोटांवर केसाएवढी रेघ, पुसल्यावर मिनिटाभराने त्यातून काळं तेल परत वर आलं. रंगाचा ओरखडा असता तर तेल आलं नसतं.

आणि आर्गन वेल्डिंग करून घेऊ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मी रोज वेल्डिंग करतो म्हणून सांगतो. या फ्रेमना वेल्डनंतर भट्टीत तापवून ताकद आणलेली असते, पुन्हा वेल्ड केलं की आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि अख्खी फ्रेम परत भट्टीत घातल्याशिवाय ती ताकद येत नाही. ती सोय आपल्याकडे सायकलसाठी कोण करणार.

सीटपोस्ट मालकाला समोर काढायला सांगा. घामाने आणि पावसाने आत चिकटलेला असेल तर तिथूनच परत या. केबल जिथे फ्रेमला टेकते तिथे रंगाला फोड आलेत का बघा, फोडाखाली पांढरी पावडर निघाली तर गंज धरलाय. बीबी तिन्हीतही दाबून बसवायची आहे, आटे नाहीत. १० ला बीबी३० आणि १२, १३ ला बीबी३०ए, शेलची (बीबी बसते त्या नळीची) रुंदी वेगळी आहे, जुना क्रँक (पेडलचा दांडा) टाकताना ते बघावं लागतं.

कोथरूडचा सायकलवाला:
खूप आभार सगळ्यांचे. कॅड १३ वाल्याशी बोललो, त्याची साइज ५४ आहे, कॅड १२ पण ५४. कॅड १० निघाली ५८, म्हणजे ती बादच. १२ वाला म्हणतो चेनस्टेवर एक चीर दिसते पण ती फक्त रंगाची आहे. बघायला जाऊ का?

भोसरी वर्कशॉप:
जा, पण रॉकेल आणि टॉर्च घेऊन जा. चिरेवर रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची आणि दहा मिनिटं थांबायचं. खडूवर ओली रेघ उमटली तर पैसे खिशातच ठेवा. रविवारपर्यंत थांबत असाल तर मी येतो बरोबर.