शब्दचर्चा : लाट फुटते, मग बुडबुड्याचे काय होते?

विचारणा (निपाणी)
आठवीच्या मुलांसाठी समुद्राच्या लाटांवर टिपण लिहिताना मी 'लाट फुटली की पाण्याखाली बुडबुडे फुटतात' असे वाक्य लिहिले. ते वर्गात वाचताच एका मुलीने विचारले, ''सर, फुटतात म्हणजे तयार होतात की नाहीसे होतात?'' मला पटकन उत्तर देता आले नाही. 'बुडबुडे' काढून 'फेस' लिहिल्यास हा घोळ मिटेल काय?

प्रतिसाद (खानापूर)
सर, 'फेस' लिहू नये. पृष्ठभागावर एकमेकांना चिकटून साचलेल्या बुडबुड्यांचा थर म्हणजे फेस. पाण्याखालचा बुडबुडा सुटा असतो. आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही 'नोरे' आणि 'गुळ्ळे' हे शब्द वेगळे आहेत, आणि अंगावरच्या फोडालाही 'गुळ्ळे'च म्हणतात. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळू लागला की मळीबरोबर झाऱ्याने काढतात तो फेस. रस दाटल्यावर तळातून एकेक वर येऊन फट् करतो तो बुडबुडा. (तो वाफेचा, समुद्रातला हवेचा, हे मात्र मुलांना सांगावे.)

घोळाचे मूळ 'फुटणे' या क्रियापदात आहे. अंकुर किंवा पाझर फुटतो तेव्हा नवे काही येते, मडके फुटते तेव्हा असलेले जाते, आणि लाटेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडतात. लाटेचा माथा पुढे झुकून कोसळताना त्याच्या पोटात हवेची नळी कोंडली जाते आणि खालच्या पाण्याची खळबळ त्या हवेची ओढाताण करून तिचे तुकडे पाडते. हे तुकडे पडणे साधारण १ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत चालते; त्याहून लहान बुडबुड्याला पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागाची आकसण्याची ओढ) इतका घट्ट आवळून धरतो की खळबळीचे त्याच्यापुढे काही चालत नाही. त्याहूनही बारीक बुडबुडे येतात ते कोसळती धार आणि उडालेले थेंब पाण्यावर आदळल्यामुळे. या दोन वाटा ग्रांट डीन आणि डेल स्टोक्स या शास्त्रज्ञांनी २००२ साली मोजमापांसह दाखवल्या. म्हणून मोठा बुडबुडा पाण्याखाली 'तुटतो' आणि वर येऊन 'फुटतो', असे लिहावे.

प्रतिसाद (चिकोडी)
'तुटणे' मला दोरीचे वाटते, 'दुभंगणे' बरे. खळखळाटाबद्दलही दोन शब्द लिहावेत. नव्याने सुटलेला बुडबुडा क्षणभर आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्यातूनच आवाज येतो. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० कंपने करतो, हे गणित मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३ साली मांडले. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो तोही बुडबुड्यांमुळेच. समुद्र आपल्यापासून घाटाखाली दूर असला, तरी पावसाळ्यात घटप्रभेचे पाणी गोकाकला कोसळते तेव्हा मुलांना हवा पाण्यात कशी ओढली जाते ते दाखवता येईल.

प्रतिसाद (खानापूर)
'दुभंगणे' म्हणजे दोनच भाग; येथे एकाचे अनेक तुकडेही होतात. त्यामुळे मी 'तुटणे'वरच राहतो.

विचारणाकर्ता (निपाणी)
दोघांचेही आभार. वाक्य असे केले आहे : 'लाट फुटली की पाण्यात हवा कोंडते, तिचे बुडबुडे तुटत तुटत बारीक होतात, मोठे वर येऊन फुटतात आणि अगदी बारीक बुडबुड्यांतली हवा वर पोहोचण्याआधीच पाण्यात विरघळते.' उद्या हे वाक्य आधी त्या मुलीला वाचायला देणार आहे.