संदर्भ शोधायला ऑनलाइन शिकवता येतं का?

ग्रंथपाल_तालुका
तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. गेल्या आठवड्यात बी.ए. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी रोजगार हमी योजनेवरचा प्रकल्प घेऊन आली. संदर्भसूचीत नऊ लेख. नियतकालिकं खरी, लेखकांची नावंही ओळखीची. पण अंक काढून बघितले तर दिलेल्या पानावर भलताच मजकूर. नऊपैकी सहा लेख कुणी लिहिलेलेच नव्हते. यादी चॅटबॉटनं करून दिली होती. मुलगी लबाड नाही. "पान नंबर दिलाय म्हणजे असणारच ना सर," असं ती मनापासून म्हणाली.

रात्री तिला गूगल मीटवर घेतलं. स्क्रीन तिची, शोधणं तिचं, मी नुसते प्रश्न विचारत होतो. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध ठेवलेल्या साइटवर, तिनं आधी अख्खा प्रश्नच टाकला. मग 'रोजगार हमी' देवनागरीत, मग रोमन लिपीत, मग १९७७ च्या कायद्याचं इंग्रजी नाव. दर वेळी वेगळेच प्रबंध वर आले. तिथे प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल असते. म्हटलं, शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघड. तिथे तिला वाट सापडली. पाऊण तास लागला.

पीएचडीला २०१९ पासून संशोधन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे, पण सवयी तर बी.ए.च्या पहिल्या प्रकल्पातच लागतात. हे पहिल्या वर्षापासून ऑनलाइन शिकवावं, आणि ज्याच्या त्याच्या विषयावर.

जुनी_कपाटं
अजिबात पटत नाही. रोजगार हमी ज्यातून आली त्या बहात्तरच्या दुष्काळावर लिहायचं तर तालुक्याच्या साप्ताहिकांचे बांधीव अंक लागतात, ते कुठल्या साइटवर आहेत? स्क्रीनवर शिकलेला मुलगा जे स्क्रीनवर नाही ते नाहीच असं धरून चालतो. कपाटापुढे उभं केलं की मागितलेल्या पुस्तकाशेजारचं पुस्तक हाताला लागतं. माझा अर्धा अभ्यास असाच झाला.

रात्रपाळी
मी मुक्त विद्यापीठातून एम.ए. करतोय, दिवसा झोपतो. ग्रंथालय उघडं असतं तेव्हा मी नसतो. मला कपाट दाखवायला कोण थांबणार? रात्री मीटवर येणारे सर मिळाले असते तर पहिला प्रकल्प परत आला नसता.

चार_वर्ग_रोज
सर, हिशोब करा. बाराशे मुलं, प्रत्येकी पाऊण तास, म्हणजे नऊशे तास. शेवटी एक व्हिडिओ आणि दहा प्रश्नांची चाचणी एवढंच होतं. व्हिडिओ पुढे ढकलून उत्तरं एकमेकांना पाठवलेली मी स्वतः बघितली आहेत.

ग्रंथपाल_तालुका
व्हिडिओला माझाही विरोधच आहे. दहा-दहाचे गट करा: एकाची स्क्रीन, बाकीच्यांनी त्याला शब्द सुचवायचे. एकशेवीस बैठका, नव्वद तास. दोन सत्रांत बसतात.
@जुनी_कपाटं, बांधीव अंकांचं तुमचं म्हणणं खरं आहे. मी त्या मुलीला ते सांगितलंच नाही.

जुनी_कपाटं
दहापैकी नऊ जण कॅमेरा बंद करून जेवत असतील, हे माझं मत कायम. पण तिला शनिवारी पाठवा. १९७२-७३ चे अंक संदर्भ विभागातल्या टेबलावर काढून ठेवतो. पानं फार कुरकुरीत झाली आहेत, फोटो काढायचे, झेरॉक्स नाही.