जुने डंजन क्रॉलर अजून का ओढतात? (अनुभव धागा)

ठाणे-नवी मुंबईत जुने डंजन क्रॉलर खेळणारे बरेच जण आहेत, हे हळूहळू लक्षात यायला लागलंय. कुणी कॉलेजातला, कुणी निवृत्त, कुणी नोकरी-संसारातून रात्री तासभर काढणारा. सगळ्यांनी एका जागी लिहावं म्हणून हा धागा.

कोणते खेळ, ते आधीच सांगतो. चार किंवा सहा जणांची टोळी, चौकटींचं भुयार, एका वेळी एक चौकट पुढे, वळायचं तर काटकोनात. 1981 चा 'विझर्ड्री', 1985 चा 'द बार्ड्स टेल', 1987 चा 'डंजन मास्टर', नंतरचा 'आय ऑफ द बिहोल्डर'. 'रोग', 'नेटहॅक' हे अक्षरांतले खेळही चालतील, गोत्र एकच आहे.

एकच विनंती. "लहानपणच्या आठवणी" एवढं लिहून थांबू नका. लहानपणी आपण ढीगभर गेम खेळलो, ते सगळे काही पुन्हा उघडत नाही. हेच का उघडतो, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. मला 'विझर्ड्री' धरून ठेवतो तो नकाशामुळे. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोघांनी तो ॲपल टू कॉम्प्युटरसाठी बनवला. दहा मजले, प्रत्येक मजला 20 बाय 20 चौकटींचा. शाळेतल्या चौकटीच्या वहीच्या एका पानावर एक मजला आरामात बसतो, आणि तो बसवायचा आपणच, कारण गेम नकाशा दाखवत नाही. 'ड्युमापिक' हा मंत्र टाकला की वर जाणाऱ्या जिन्यापासून आपण किती पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहोत, एवढं कळतं. काही चौकटी टोळीला गुपचूप गर्रकन फिरवतात. भिंती सगळीकडे सारख्याच, त्यामुळे पडद्यावर काही बदलल्यासारखं वाटत नाही. आपण उत्तर समजून पूर्वेला चालत राहतो, आणि वहीत जिथे भिंत आहे तिथे समोर दार येतं. वही आणि पडदा यांचं जमेनासं झालं की माझे कान टवकारतात. आता मंत्र खर्च करायचा, की मागे जाऊन ओळखीचं वळण शोधायचं? मंत्र मोजकेच, आणि ते भरून येतात वर गावात, सराईत मुक्काम केल्यावर.

नव्या गेममध्ये कोपऱ्यात नकाशा असतो, पुढे कुठे जायचं त्याचा बाण असतो. त्या बाणामागे फिरलेली जागा मला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. विझर्ड्रीचा पहिला मजला मात्र झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे: जे कळतं ते गेमकडे जमा होत नाही, आपल्याकडे होतं.

आता तुम्ही लिहा.

— पाचपाखाडी, ठाणे

*

नकाशाबद्दल दुमत नाही, पण मला धरतं ते मरण.

2024 मध्ये डिजिटल इक्लिप्स या कंपनीने पहिला विझर्ड्री नव्या रूपात आणला. चित्रं नवी, पण आत मूळचाच प्रोग्राम चालतो आणि कोपऱ्यात ॲपल टूचा तो जुना पडदाही दिसत राहतो. मी तोच खेळतोय. घंटाळीजवळची आमची चाळ पुनर्विकासात गेली, म्हणून टोळीला चाळीतल्या पोरांची टोपणनावं दिली. बंड्या पुढे तलवार घेऊन, कारण तो लपंडावातसुद्धा कधी लपला नाही. मागे मंत्र टाकायला पिंट्या. या पात्रांना गेम कसलीही कथा देत नाही. नाव, वंश, पेशा आणि सहा आकडे. बाकीचं आपण भरायचं.

चौथ्या मजल्यावर सगळी टोळी गारद झाली. इथे "पुन्हा प्रयत्न करा" वगैरे काही नसतं. प्रेतं जिथे पडली तिथेच राहतात. गावात नवी माणसं भरती करायची, त्यांना पहिल्या पायरीपासून तयार करायचं, आणि त्यांनी खाली जाऊन जुन्यांना शोधून आणायचं. टोळीत जागा सहाच. शोधायला तीन जण गेले तर तिघांनाच उचलून आणता येतं. मग आधी कुणाला?

आणल्यावर देवळात दक्षिणा भरायची. पडद्यावर एकेक शब्द उमटतो: पुटपुट, मंत्रोच्चार, प्रार्थना, आवाहन. बंड्या उठला. पिंट्याची राख झाली. राखेतूनही उठवता येतं, दक्षिणा आणखी जास्त, आणि तेही फसलं तर नाव यादीतून कायमचं पुसलं जातं. पैसे जमवायला त्याच भुयारात पुन्हा उतरलो. रात्री जेवण झाल्यावर ते चार शब्द पुन्हा बघितले, तेव्हा बायको आणि मुलगी दोघीही मागे येऊन उभ्या होत्या. पिंट्या उठला. आमच्या घरात टाळ्या पडल्या.

— नौपाडा, ठाणे

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नवी मुंबईत इंजिनिअरिंगला होतो. लॅबमध्ये एक सर्व्हर आणि त्याला जोडलेले टर्मिनल. त्यावर कुणीतरी 'नेटहॅक' टाकून ठेवला होता. चित्रं नाहीतच. आपण म्हणजे @ हे चिन्ह, कुत्रं म्हणजे लहान d, ड्रॅगन म्हणजे मोठा D. मजले दरवेळी नव्याने तयार होतात आणि मेलात की खेळ संपला.

पण नेटहॅकची एक खासियत आहे. तुम्ही मेलात की कधी कधी तो मजला तसाच्या तसा जपून ठेवला जातो, आणि त्याच मशीनवर खेळणारा दुसरा कुणी पुढे त्यात जाऊन पडतो. एका दुपारी खाली उतरलो तर समोर आमच्या एका सीनियरचं भूत. तो तेव्हा पास होऊन नोकरीला लागलेला. भुताला त्याचं लॉगिन नाव, आणि त्याच्या सगळ्या वस्तूंचा ढीग तिथेच पडलेला. त्यातल्या बऱ्याचशा वस्तू शापित होऊन बसतात. कोणत्या, हे ओळखायला मी कुत्र्याला ढिगाभोवती फिरू दिलं. शापित वस्तूवर ते सहसा पाय ठेवत नाही, आणि ठेवलाच तर नाखुशीने ठेवतं, तसं पडद्यावर लिहूनही येतं. भूत फार हळू चालतं, म्हणून त्याला चुकवत एकेक वस्तू तपासायची. लॅब असिस्टंट दिवे बंद करायला आला तरी मी तिथेच.

ज्याने मला जर्नल दिली होती, त्याचीच कुदळ घेऊन मी पुढचे मजले खणले. एवढा जिव्हाळा मला कुठल्याही ऑनलाइन मल्टिप्लेअरमध्ये मिळालेला नाही.

— कोपरखैरणे

*

मी या धाग्यावर वयाने सगळ्यांत मोठी असेन. नोकरी सगळी ड्राफ्ट्समन म्हणून गेली. सुरुवातीला ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन आणि टी-स्क्वेअर, पुढे कॉम्प्युटर. निवृत्तीनंतर नातू एक गेम घेऊन आला, 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक', 2012 चा, फिनलंडच्या लोकांनी बनवलेला. चार कैद्यांना डोंगराच्या माथ्यावरून आत ढकलून देतात आणि त्यांनी मजल्यामागून मजला उतरत बाहेरची वाट शोधायची. त्यात आपोआप बनणारा नकाशा बंद करून खेळायची सोय आहे. नातू म्हणाला, "आजी, तू काढ." मग तो चालवतो आणि मी ग्राफ पेपरवर एचबी पेन्सिलने काढते.

माझ्या खुणा ठरलेल्या आहेत. दाराला दोन आखूड रेघा, खड्ड्याला फुली, पायाखाली दबणाऱ्या फरशीला चौकोनात टिंब, खटक्याला बाण. एका मजल्यावर सगळ्या बाजूंनी वाटा काढून झाल्या आणि मधोमध तीन बाय दोन चौकटींची जागा कोरी राहिली. चारी बाजूंना भिंत. बांधकामात एवढी जागा कुणी उगाच सोडत नाही, डक्ट तरी असतो नाहीतर शाफ्ट. मी नातवाला सांगितलं, या चारी भिंतींची एकेक वीट बघ. तिसऱ्या भिंतीवर विटेच्या कडेला नखाएवढं बटण निघालं. दाबल्यावर भिंत खाली गेली आणि आत चिलखत!

गेममधल्या कुणीही ते सांगितलं नव्हतं. कागदाने सांगितलं. आयुष्यभर जे काम केलं त्याचा उपयोग असा कुठे होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

— सीवूड्स

*

काकू, तो कोऱ्या जागेचा किस्सा वाचून मी रात्री माझे जुने सगळे नकाशे काढून बसलो. दोन ठिकाणी संशय आहे.

— पाचपाखाडी

*

'डायब्लो' इथे चालेल का? वर गावात शिरलं की वाजणारं ते बारा तारांच्या गिटारचं संगीत ऐकून मी गिटार शिकायला लागलो. गाव तसंच, माणसं तीच, आणि दर खेपेला आपण आणखी खोलवरून परत आलेलो. त्या सुरांचा अर्थ माझ्यासाठी "सुखरूप परत आलो" एवढाच आहे.

— वर्तकनगर, ठाणे

*

चालेल की. टोळी नसली तरी ते सोळा मजले आणि त्यांची दरवेळी बदलणारी रचना 'रोग'च्याच घराण्यातली आहे.

— पाचपाखाडी

*

मी राहते कोपरीत, ऑफिस वाशीला. सकाळच्या ठाणे-वाशी लोकलमध्ये स्विच या हातात धरायच्या गेम मशीनवर 'एट्रियन ओडिसी' खेळते. मूळ खेळ 2007 चा, निन्टेन्डो डीएसवरचा. खालच्या पडद्यावर पेनने आपणच भिंती ओढायच्या, दारं बसवायची. 2023 मध्ये तो स्विचवर आला, आता बोटाने ओढते.

मला त्यातली आवडणारी गोष्ट म्हणजे मी पाऊल टाकलं नाही तर काहीही होत नाही. घणसोलीला गर्दी चढली, कुणाची पर्स पडली, कुणाला खिडकीकडे सरकायचंय, तर भुयार माझ्यासाठी थांबून राहतं. मोठे राक्षस नकाशावर आधीच दिसतात, आणि मी एक चौकट गेले की तेही एक चौकट सरकतात. म्हणजे पळायचं तरी डोकं चालवून. दोन पावलं डावीकडे, तो वळेपर्यंत एक मागे, मग दार. बोटं किती चपळ आहेत याला काडीचं महत्त्व नाही. दिवसभर ऑफिसात सगळं "आत्ता, लगेच" असतं. तो अर्धा तास मला हवा तेवढा वेळ घेऊन विचार करता येतो, आणि तुर्भ्याच्या तोंडावर पडदा बंद करताना आजचा कोपरा पूर्ण झालेला असतो.

— कोपरी, ठाणे

*

कोपरीच्या ताईंच्या अगदी उलट माझं. मला थांबणारं भुयार नको.

1987 च्या 'डंजन मास्टर'मध्ये वेळ चालूच असतो. तुम्ही भिंतीकडे बघत बसलात तरी मशाल मंद होत जाते, टोळीला भूक लागते, तहान लागते. ओरडणारी झाडं मारून त्यांच्याच फोडी खायच्या. माझं आवडतं हत्यार म्हणजे दार. राक्षस उंबरठ्यात आला की बटण दाबायचं, दार त्याच्या डोक्यावर आदळतं, पुन्हा वर जातं, पुन्हा आदळतं. हे त्यात कुणी शिकवत नाही. दाराला वजन आहे आणि राक्षसाला डोकं आहे, मग असं होणारच, हे आपल्याला सुचायला लागतं.

आणि मंत्र! ते विकत घ्यायचे नसतात. चिन्हं दिलेली असतात, त्यांची जुळणी करायची. आधी जोर किती ते सांगणारं चिन्ह, मग बाकीची. कोणती जुळणी काय करते ते भुयारात सापडणाऱ्या गुंडाळ्यांवर लिहिलेलं असतं, पण गुंडाळी जवळ असावीच लागते असं नाही. एकदा कळलं की कळलं. नवा खेळ सुरू करा, कोरी टोळी घ्या, उजेडाचा मंत्र पहिल्या मिनिटाला टाकता येतो, कारण तो तुम्हाला येतो. धाग्याच्या सुरुवातीला म्हटलंय ना, की कळलेलं आपल्याकडे जमा होतं, त्याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. अनेक वर्षांनी हा खेळ पुन्हा लावला आणि बोटांनी चिन्हं आपणहून दाबली.

— घोडबंदर रोड, ठाणे

*

नकाशा आपोआप बनला की मजा जाते, हे सरसकट पटत नाही. 1992 च्या 'अल्टिमा अंडरवर्ल्ड'मध्ये तो आपोआप बनतो, पण त्यावर आपल्याला हवं ते लिहिता येतं. त्या भुयारात गॉब्लिन राहतात, सरडामाणसं राहतात, आणि बहुतेकांशी बोलता येतं, देवघेव करता येते. माझ्या नकाशावर राक्षसांपेक्षा "याच्याशी नीट बोल" अशा नोंदी जास्त आहेत. भुयारात कुणीतरी राहतंय, ही भावना मला विझर्ड्रीत मिळाली नाही.

— सीबीडी बेलापूर

*

मी 22 वर्षांची आहे, यातलं काहीच खेळलेलं नाही. नौपाड्याच्या काकांचा पिंट्या वाचून खेळावंसं वाटतंय. साधा लॅपटॉप आहे. कुठून सुरुवात करू?

— खारघर

*

थेट 1981 पासून सुरू करू नकोस, त्यातल्या आज्ञा शिकण्यातच उत्साह संपेल. आधी ग्रिमरॉक घे, साध्या लॅपटॉपवर चालतो. पहिले दोन मजले आपोआप बनणारा नकाशा चालू ठेव, म्हणजे चालण्याचा सराव होईल. मग नवा खेळ काढून नकाशा बंद कर आणि स्टेशनरीच्या दुकानातून चौकटीची वही आण. पानाच्या मधोमध सुरुवात कर, कोपऱ्यातून नको. उत्तर दिशा पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिही. तो जमला की नौपाड्याचे काका म्हणतात तो 2024 चा विझर्ड्री.

— पाचपाखाडी

*

पेन्सिल वापर, पेन नको. आणि खोडरबर चांगलं घे, कागद फाटता कामा नये. पहिला मजला झाला की फोटो टाक, कुठे कोरी जागा राहिली आहे ते मी बघते.

— सीवूड्स