वाट तीच, पण तिथी बघून निघा

फोटो काढणाऱ्यानं रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने फिरावं म्हणजे नजर स्थिरावते, असं म्हणतात ते पटतं. पण अलिबागसारख्या गावात घड्याळ तेच ठेवलं तरी किनारा तोच राहत नाही, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. म्हणजे अष्टमीला, आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला पाणी भरलेलं. अमावास्या-पौर्णिमेला त्याच सुमारास ओहोटी, ओल्या वाळूत समोरच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याचं प्रतिबिंब मिळतं ते तेव्हाच.

सूर्य आपल्या पाठीमागून, जमिनीकडून उगवतो, त्यामुळे किल्ल्याच्या तटावर समोरून ऊन पडतं. ट्रायपॉडचे पाय मात्र वाळूत आधीच दाबून रोवा, लाटेनं खचले की लांब एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेला फोटो, हललंच. भिंगावरचे खारे तुषार कोरडे पुसू नका, ओरखडे पडतात.